जुना लॅपटॉप, लिनक्स आणि घरचं कोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात हौसेनं कोडिंग करणारे पुष्कळ आहेत. कॉलेजची मुलं आहेत, निवृत्त झालेले काका आहेत, दिवसभर भलतंच काम करून रात्री जेवणानंतर पायथॉन उघडून बसणारेही आहेत. या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिनक्स मिंट २२, उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ ही लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे तयार रूपं, डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमनमध्ये करायच्या आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान ठेवायची. 'मायनस' म्हणजे आडवी रेघ, 'सुडो' म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकारानं चालवणं.

विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही. त्यावर लिनक्स चालेल का?

बहुतेक वेळा चालतं, आणि चांगलं चालतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१३ ते २०१७ च्या सुमाराचे धडधाकट लॅपटॉप घराघरांत पडून राहिले आहेत. लिनक्सला यातली कुठलीच अट नाही. फक्त प्रोसेसर ६४ बिटचा हवा, कारण मिंट आणि उबुंटूनं ३२ बिट केव्हाच सोडलं आणि डेबियननंही १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला.

मिंटची किमान अट २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा अशी आहे. पण २ जीबीत ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन गुदमरतं. ४ जीबीत कोडिंग नीट होतं, ८ जीबीत मागेपुढे बघावं लागत नाही.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते एसएसडीवर घाला. फिरणारी हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही, आणि २४० किंवा २५६ जीबीची पुरते. जुनी डिस्क सहसा ९.५ मिलिमीटर जाड असते, एसएसडी ७. मधल्या फटीत प्लॅस्टिकची चौकट बसवावी लागते, नाहीतर कनेक्टर हलतो आणि डिस्क मधूनच गायब होते. रॅम घेताना व्होल्टेज बघा. डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ १.५ वर. पाचव्या-सहाव्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपना डीडीआर३एलच लागते, साधी घातली तर स्क्रीनच येत नाही. उलट बाजूनं अडचण नसते, डीडीआर३एल १.५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्येही चालते. आत काय आहे ते 'सुडो डीएमआयडीकोड मायनस टी मेमरी' सांगतं. दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

कोणतं डिस्ट्रो घ्यावं?

पहिल्यांदाच करत असाल तर मिंट, ४ जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती. मशीन वर्षानुवर्षं तसंच चालत राहावं असं वाटत असेल तर डेबियन. दर महिन्याला नवं डिस्ट्रो टाकून बघण्यात हौस भागते, पण कोडिंग मागे पडतं.

पेनड्राइव्ह बनवला, पण त्यावरून बूटच होत नाही.

पहिला संशय डाउनलोडवर घ्या. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलरची अख्खी प्रत, जवळपास ३ जीबीची असते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती अर्धवट उतरण्याचे प्रकार नेहमी होतात. 'शा२५६सम' आणि पुढे फाइलचं नाव असं द्या, आणि येणारा आकडा अधिकृत साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून थांबू नका, पूर्ण ओळ जुळवा.

दुसरा संशय लिहिण्याच्या पद्धतीवर. आयएसओ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. विंडोजवर रूफस वापरा, लिनक्सवर मिंटचा यूएसबी इमेज रायटर किंवा 'डीडी'. 'डीडी' वापरण्याआधी 'एलएसबीएलके' चालवून आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा. पेनड्राइव्ह एसडीबी निघाला तर लिहायचं ते एसडीबी या अख्ख्या उपकरणावर, एसडीबी१ या पार्टिशनवर नाही. आणि एसडीए बहुधा तुमची स्वतःची डिस्क असते. चुकून ती दिलीत तर 'डीडी' काही न विचारता ती पुसून टाकतं.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं आहे. काय सांभाळायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण बूटच्या सेटिंगमध्ये काही बदललं की विंडोज तीच मागतं आणि ती नसेल तर सगळा डेटा अडकतो. त्यानंतर फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज 'शट डाउन' म्हटल्यावरही पूर्ण बंद होत नाही, एनटीएफएस पार्टिशन अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्समधून त्यावर काही लिहिता येत नाही. जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून नको. कोडिंगसाठी ६० जीबी पुष्कळ झाले.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) साटाचा मोड इंटेल आरएसटी किंवा रेड असा असण्याची शक्यता मोठी. तो एएचसीआय करावा लागतो. मात्र थेट बदललात तर विंडोज निळा स्क्रीन दाखवेल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये शिरा आणि मग नेहमीसारखं सुरू करा.

सगळं झाल्यावर एक तक्रार हमखास येते: विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज त्याच आकड्याला भारतीय वेळ समजतं, म्हणून नेमका ५ तास ३० मिनिटांचा फरक. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की दोघांचं जुळतं.

सगळं झालं, पण वायफाय दिसत नाही.

'एलएसपीसीआय मायनस एनएनके' चालवा आणि नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधा. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असेल तर ड्रायव्हर आहे, अडचण दुसरीकडे आहे. मग 'आरएफकिल लिस्ट' बघा. 'हार्ड ब्लॉक्ड' समोर 'यस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा फंक्शनची कळ वायफाय बंद करून बसली आहे.

ड्रायव्हरची ओळच नसेल तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची निघते, नाहीतर रिअलटेकची. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर, असं वाटून लोक इथे अडकतात. अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो वायरचं नेटवर्क वाटतो आणि लगेच चालतो. मग मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि नेमकी तीच निसटते. ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर 'एनरोल मॉक' असा पर्याय थोडा वेळ दिसतो. तिथे शिरून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईनं एंटर मारून पुढे गेलात तर ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो नाकारतो आणि लॉगमध्ये 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उमटतं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, म्हणजे तो स्क्रीन परत येतो.

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप होत नाही.

होतो, फक्त दिसत नाही. उबुंटू आणि डेबियनमध्ये ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. टाइप करून एंटर दाबा.

अपडेट चालू असताना वीज गेली आणि आता काही इन्स्टॉल होत नाही.

डेस्कटॉपवाल्यांना हे हमखास होतं, विशेषतः गुरुवारी, वीजदुरुस्तीच्या दिवशी. मोठं अपडेट गुरुवारी सकाळी लावू नका. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर तोही डेस्कटॉपच समजा.

झालंच तर आधी 'सुडो डीपीकेजी दोनमायनस कॉन्फिगर मायनस ए', मग 'सुडो एपीटी दोनमायनस फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. बहुतेक वेळा इथेच सुटतं. 'लॉक' अशी तक्रार आली तर लॉकची फाइल पुसू नका. आधी 'पीएस ऑक्स' मध्ये एपीटी किंवा डीपीकेजी अजून चालू आहे का ते बघा. पुष्कळदा मागच्या बाजूला अपडेट मॅनेजरच चालू असतो आणि दोन मिनिटं थांबलं की रस्ता मोकळा होतो. चालू असताना लॉक पुसलंत तर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदींत लिहितात, आणि ते निस्तरणं फार जड जातं.

मशीन सुरूच होत नसेल आणि 'कर्नल पॅनिक' दिसत असेल, तर नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (बूट होताना आधी लागते ती) बहुधा अर्धवट राहिली आहे. ग्रबमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेन्यूत, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून जुन्या कर्नलनं शिरा, 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस मायनस यू मायनस के ऑल' आणि 'सुडो अपडेट-ग्रब' द्या. जुना कर्नल लगेच काढून टाकू नका असं सांगतात ते याचसाठी.

मराठी टायपिंग कसं चालू करू?

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना भारताखाली 'मराठी' निवडा. हा इनस्क्रिप्ट आहे आणि त्याला वेगळं काही टाकावं लागत नाही. रोमनमध्ये उच्चार टाइप करून देवनागरी हवी असेल तर 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज टाका, लॉगआउट होऊन परत या आणि आयबसमध्ये मराठीची फोनेटिक पद्धत जोडा.

इनस्क्रिप्ट शिकाच, असा आमचा आग्रह आहे. तो सरकारी प्रमाण लेआउट आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला अशी सोपी मांडणी आहे, आणि हिंदी-गुजरातीसाठीही तीच बोटं चालतात. मराठीला लागणारा ऱ यात थेट मिळतो. जे या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ. म्हणजे 'दऱ्या' लिहायचं तर ओ, शिफ्टसह जे, डी, स्लॅश, ई. यातला डी म्हणजे हलन्त. शिफ्ट विसरलात तर 'दर्या' होतो आणि डोंगरातून थेट समुद्रात.

टर्मिनलमध्ये मराठी फुटलेली दिसते. फाइल खराब झाली का?

नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतं आणि काना-मात्रा, जोडाक्षरं त्या घरात मावत नाहीत. हीच फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, नीट दिसेल. चौकोनी डबेच दिसत असतील तर फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहितचा देवनागरी फॉन्ट टाका.

जुन्या फाइली लिनक्समध्ये उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो.

त्या श्रीलिपी, आयएसएम किंवा तसल्याच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. या क्षेत्रातलं पुष्कळ काम पुण्यातच झालं, श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेकची आणि आयएसएम सी-डॅकचं, त्यामुळे इथल्या सोसायट्यांच्या, संस्थांच्या आणि छापखान्यांच्या कपाटांत अशा फाइली ढिगानं आहेत. त्यांत साठवलेले अंक रोमन अक्षरांचेच असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. म्हणून नुसता फॉन्ट टाकला तर वाचता येईल, पण शोधता येणार नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणंच योग्य.

हौशी प्रोग्रॅमरला यासारखा प्रकल्प नाही. कोष्टक बनवून एकेक अक्षर बदलत जायचं, इथवर सोपं आहे. खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी साठवलेला असतो, युनिकोडमध्ये तो नंतर लागतो. रफार नंतर साठवलेला असतो, तो उचलून अख्ख्या अक्षराच्या आधी न्यावा लागतो. जोडाक्षर मध्ये आलं की एक घर मागे-पुढे सरकवणं पुरत नाही, अक्षराची सीमा शोधावी लागते.

पायथॉनमध्ये मराठी शब्दाची लांबी चुकीची का येते?

पायथॉन अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे कोड पॉइंट मोजतो. 'पुणे' ची 'लेन' ४ येते: प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइटचा, म्हणून फाइलमध्ये १२ बाइट. 'इको पुणे' चा निकाल 'डब्ल्यूसी मायनस सी' ला दिलात तर १३ येतील, कारण इको शेवटी ओळ संपल्याची खूण जोडतो. हे एकदा हातानं करून बघा, पुढचे निम्मे घोटाळे आपोआप कळतील.

याहून मोठा खड्डा रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधण्याच्या सोयीत आहे. पायथॉनच्या 'आरई' मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण मात्रांना शब्दाचा भाग धरत नाही. त्यामुळे 'पुणे' मधून शब्द काढायला सांगितलं तर 'प' आणि 'ण' असे दोन तुकडे हातात येतात. याच कारणानं 'पुणे' वर 'इजअल्फा' चालवलं तर उत्तर 'फॉल्स' येतं. मराठी मजकुरातले शब्द मोजणारे कितीतरी पहिले प्रोग्रॅम इथेच चुकतात, आणि एरर येत नसल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. उपाय: 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल टाका. त्यात बॅकस्लॅश-डब्ल्यू मराठी शब्द अख्खा पकडतो आणि बॅकस्लॅश-मोठा-एक्स डोळ्यांना दिसणारी अक्षरं देतो, म्हणजे 'पु' आणि 'णे'.

तिसरी गोष्ट वर्णक्रम. 'सॉर्टेड' कोड पॉइंटच्या क्रमानं लावतो आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून बसथांब्यांची यादी लावली तर पायथॉन काळेवाडी आधी आणि कासारवाडी नंतर देतो, कोशाच्या क्रमानं ते उलट हवं. 'सुडो एपीटी इन्स्टॉल पायथॉन३-आयसीयू' करा, मराठीचा कोलेटर (वर्णक्रम ठरवणारा) बनवा आणि त्याचं 'गेटसॉर्टकी' (त्यातले एस आणि के मोठे) हे 'सॉर्टेड' च्या 'की' ला द्या.

चौथी गोष्ट, सारखा दिसणारा शब्द सारखा नसतो. 'ॲप' मधला ॲ एक कोड पॉइंट म्हणून लिहिता येतो, किंवा अ पुढे चंद्र जोडूनही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही, ते तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं. जुन्या पद्धतीत ऱ्य लिहिताना र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं अक्षर वापरत. शोध घेताना शब्द डोळ्यांना दिसतो पण सापडत नाही, असं झालं की त्याचे कोड पॉइंट छापून बघा.

दोन सोयीही जाता जाता सांगायला हव्यात. 'इंट' ला '१२३' हे मराठी आकडे थेट चालतात. आणि चलांची नावं मराठीत ठेवता येतात, लहान मुलांना शिकवताना याचा फार उपयोग होतो.

सीएसव्ही लिहून ती विंडोजवरच्या एक्सेलला द्यायची असेल तर एन्कोडिंग 'यूटीएफ-८-एसआयजी' ठेवा, नाहीतर तिथे मराठीचा चुराडा दिसतो. फाइल उघडताना एन्कोडिंग नेहमी लिहाच. लिनक्सवर न लिहिता चालतं, म्हणून सवय लागत नाही आणि मित्राच्या विंडोजवर तोच प्रोग्रॅम आपटतो.

कॉलेजातला टर्बो सीचा प्रोग्रॅम लिनक्सवर कंपाइल होत नाही.

होणार नाही, कारण त्यातलं निम्मं डॉसचं आहे. आधी 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' करा. मग 'कोनिओ डॉट एच', 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच' काढून टाका. 'व्हॉइड मेन' ऐवजी 'इंट मेन' लिहा, सी प्लस प्लसमध्ये तर दुसरं चालतच नाही. 'आयओस्ट्रीम डॉट एच' मधलं 'डॉट एच' काढा आणि खाली 'यूजिंग नेमस्पेस एसटीडी' घाला. 'गेट्स' ऐवजी 'एफगेट्स' वापरा. 'गेट्स' सी११ मध्ये भाषेतूनच काढलं आहे, कारण किती अक्षरं घ्यायची याला मर्यादाच नव्हती. डेबियन १३ मधल्या जीसीसी १४ या कंपायलरवर हेडर न देता फंक्शन वापरलं तर आता सरळ एरर येते. आधी ती नुसती वॉर्निंग होती.

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी' दिसलं तर आज्ञेच्या शेवटी 'मायनस एलएम' लावा. शेवटीच, फाइलच्या नावाआधी लावून उपयोग नाही.

कंपाइल करताना 'मायनस वॉल मायनस जी' कायम ठेवा, वॉलमधला डब्ल्यू मोठा. सेगमेंटेशन फॉल्ट आला तर 'मायनस एफसॅनिटाइज इक्वल्स ॲड्रेस' लावून पुन्हा चालवा, ॲरेच्या बाहेर कुठल्या ओळीवर गेलात ते थेट कळतं. टर्बो सीमध्ये 'इंट' २ बाइटचा होता आणि ३२७६७ च्या पुढे उलटायचा. इथे ४ बाइटचा आहे, त्यामुळे जर्नलमधली काही उत्तरं जुळणार नाहीत. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला टर्बो सीच लागत असेल तर डॉसबॉक्समध्ये चालवा आणि घरी जीसीसी शिका.

'पिप इन्स्टॉल' केलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते.

ती अडवते ते बरंच आहे. मिंटची स्वतःची पुष्कळ साधनं पायथॉनवरच चालतात. पिपनं, म्हणजे पायथॉनची पॅकेजं उतरवणाऱ्या साधनानं, त्यांच्याखालची लायब्ररी बदलली तर अपडेट मॅनेजरच उघडेनासा होतो. एररमध्येच सुचवलेला 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' हा पर्याय वापरू नका, त्याचं नाव खरं बोलतं.

त्याऐवजी वेन्व, म्हणजे प्रकल्पापुरतं वेगळं पायथॉन बनवा: 'सुडो एपीटी इन्स्टॉल पायथॉन३-वेन्व' करा. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'पायथॉन३ मायनस एम वेन्व डॉटवेन्व', मग 'सोर्स डॉटवेन्व स्लॅश बिन स्लॅश ॲक्टिव्हेट'. आता पिप मोकळेपणानं वापरा. फोल्डर दुसरीकडे हलवलात तर वेन्व मोडतं, कारण त्यातल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. पुसून नवं बनवा. त्यासाठी 'पिप फ्रीझ' ची यादी आधीच फाइलमध्ये ठेवत जा.

स्क्रिप्ट लिहिली, पण चालत नाही.

'कमांड नॉट फाउंड' आलं तर नावाआधी डॉट-स्लॅश लावा, चालू फोल्डर पाथमध्ये नसतं. 'परमिशन डिनाइड' आलं तर 'सीएचमॉड प्लस एक्स'. तरीही तेच येत असेल आणि फाइल पेनड्राइव्हवर असेल, तर तिथे फॅट किंवा एक्सफॅट आहे आणि त्यात परवानगीचे बिट साठवायची सोयच नाही. घरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. 'बॅड इंटरप्रिटर' च्या पुढे टोपी-एम दिसत असेल तर फाइल विंडोजवर लिहिलेली आहे. 'डॉस२युनिक्स' चालवा.

गिट मराठी नावांच्या फाइली आकड्यांत दाखवतं.

'गिट स्टेटस' मध्ये ३४०, २४४, २५२ अशा आकड्यांची माळ येते ती प चे तीन बाइट अष्टमान पद्धतीत लिहिलेली असते. 'गिट कॉन्फिग दोनमायनस ग्लोबल कोअर डॉट कोटपाथ फॉल्स' दिलं की नावं मराठीत दिसतात. गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ पासून पासवर्डनं पुश करणं बंद केलं, त्यामुळे जुने धडे वाचून करत असाल तर तिथे अडकाल. 'एसएसएच-कीजेन मायनस टी ईडी२५५१९' नं की बनवा आणि तिचा सार्वजनिक भाग तिथे चिकटवा.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ईएसपी३२ चा (मायक्रोकंट्रोलरचा) बोर्ड आणला, पण लॅपटॉपला दिसत नाही.

'सुडो डीएमईएसजी मायनस डब्ल्यू' चालू ठेवा आणि बोर्ड जोडा. काहीच उमटलं नाही तर केबल फक्त चार्जिंगची आहे, आत डेटाच्या तारा नाहीत. बोर्ड बदलायला बुधवार पेठेत परत जाण्याआधी दुसरी केबल लावून बघा. 'टीटीवाययूएसबी०' उमटून लगेच गायब झालं, तर ब्रेल डिस्प्लेसाठी असलेली 'बीआरएलटीटीवाय' सेवा सीएच३४० चिपला आपलं उपकरण समजून पकडते आहे. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज काढा. पोर्ट दिसतं पण परवानगी नाही असं आलं तर 'सुडो यूजरमॉड मायनस एजी डायलआउट' आणि पुढे तुमचं यूजरनेम द्या, त्यातला जी मोठा. मग लॉगआउट करा. नुसतं टर्मिनल बंद करून उघडल्यानं भागत नाही.

ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर ५ व्होल्ट परत पाठवतो. सेन्सरची एको पिन आणि बोर्डची पिन यांच्यात १ किलोओहमचा रोध, बोर्डची पिन आणि ग्राउंड यांच्यात २ किलोओहमचा लावा, म्हणजे पिनवर ३.३३ व्होल्ट पडतात.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट चालू आहे. बॅकअप झाला ना?

सिस्टीमचा झाला, तुमच्या फाइलींचा नाही. टाइमशिफ्ट होम फोल्डर मुद्दाम वगळतं. कोड, फोटो, कागदपत्रं यांच्यासाठी बाहेरच्या डिस्कवर 'आरसिंक मायनस एव्ही' वापरा. मूळ फोल्डरच्या नावापुढे स्लॅश दिलात तर आतल्या गोष्टी जातात, नाही दिलात तर फोल्डरसकट जातात. 'दोनमायनस डिलीट' जोडण्याआधी एकदा 'मायनस एन' लावून काय पुसलं जाणार ते बघून घ्या. टर्मिनलमध्ये 'आरएम' नं पुसलेलं कचरापेटीत जात नाही.

हे क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत, लावायचं असेल तर ध्यानात ठेवा, रात्री दोनला लॅपटॉप बंद असेल तर क्रॉन ते काम सोडून देतो आणि नंतर करत नाही. ॲनाक्रॉन वापरा, तो मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम उरकतो. क्रॉनच्या ओळीत टक्क्याची खूण आली तर तिच्याआधी बॅकस्लॅश द्या, आणि आज्ञांचे पूर्ण पत्ते लिहा. टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये चालत नाही ती बहुधा या दोन कारणांनी.

एरर कळत नाही. मदत कशी मागावी?

आधी ती पूर्ण वाचा. पायथॉनमध्ये शेवटच्या ओळीपासून वर वाचत जा, जीसीसीमध्ये पहिल्या एररपासून. जीसीसीच्या खालच्या वीस एरर बऱ्याचदा त्या पहिलीचीच पिल्लं असतात.

डेस्कटॉप मराठीत ठेवला असेल तर एररही काही ठिकाणी मराठीत येते आणि ती शोधून काही सापडत नाही. आज्ञेच्या आधी 'एलसी अंडरस्कोर ऑल इक्वल्स सी' असं मोठ्या अक्षरांत लिहा, तेवढ्यापुरता संदेश इंग्रजीत येईल.

विचारताना काय करत होता, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, मजकूर कॉपी करा. हार्डवेअरचा प्रश्न असेल तर 'आयएनएक्सआय मायनस एफएक्सझेड' चा निकाल जोडा, एफ मोठा. शेवटचा झेड आयपी आणि मॅक पत्ते झाकतो. मशीन मध्येच अडकून बंद करावं लागलं असेल तर 'जर्नलसीटीएल मायनस बी मायनस १ मायनस पी ईआरआर' नं आधीच्या वेळच्या एरर मिळतात. मात्र सुडोसह चालवायची म्हणून कुणी आज्ञा पाठवली, तर तिच्यातला प्रत्येक शब्द 'मॅन' मध्ये (आज्ञांच्या माहितीपुस्तिकेत) बघितल्याशिवाय ती चिकटवू नका.